सात पाण्याची बरणी

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार पोचला असं समज, कारण कागद एकच आहे आणि रडगाणं मोठं आहे. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र तू कपाटात ठेवून दिलं आहेस. ते काय कपाटाला ऐकू यावं म्हणून घेतलंस का?

तू बावीस वर्षं ज्या खुर्चीत बसलीस, त्याच खुर्चीत मी महिनाभर बसते आहे. तिचा उजवा पाय अजून डुगडुगतो. पाणीपुरवठ्याची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक तराजू, एक ओव्हन आणि तुझी वही. अमुक द्रावण कसं करायचं असं विचारलं की शिपाईमामा मान वर न करता सांगतात, "बाईंच्या वहीत बघा." तू निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी इथे बाई म्हणजे तूच. मी नुसती "ती नवीन".

एप्रिलमध्ये खात्याची परीक्षा आहे. नापास झाले की ही तात्पुरती नोकरीही गेली. अभ्यासक्रम मोजमापापासून अणूच्या रचनेपर्यंत आहे आणि माझं घोडं पहिल्याच पानावर अडलंय. २.५० ग्रॅम आणि २.५०० ग्रॅम यात फरक काय? शेवटी शून्यच ना ते? आणि अचूक म्हणजेच काटेकोर ना? पुस्तक म्हणतं नाही. तू समजावून सांगशील का?

उत्तर प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठव. मी तुला लिहिते हे बाबांना माहीत नाही. घरी तुझं नाव निघालं की ते उठून आपल्या दुरुस्तीच्या दुकानात जातात. दुकान बंद असायच्या दिवशीसुद्धा जातात आणि शिलाई मशीनं पुसत बसतात. आई मग उगाच भांडी घासते.

जाता जाता एक बातमी. नदीचं पाणी कमी पडतंय म्हणून तीन नंबरची विहीर पुन्हा चालू करणार आहेत. पंधरा मार्चला. नवी वस्ती आणि दवाखाना तिच्यावर जोडायचा आहे. पाणी चांगलं असल्याच्या अहवालावर सही माझी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहीला कुणी विचारतंय, म्हणून काल पानभर गिरवली.

तुझी चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद. आता कान इकडे कर.

२.५० लिहिणारी म्हणते, मी ग्रॅमचा शंभरावा भाग पाहिला, पुढचं मला माहीत नाही. २.५०० लिहिणारी म्हणते, मी हजारावा भागही पाहिला आणि तिथे काही नव्हतं. ते शेवटचं शून्य म्हणजे तू दिलेला शब्द आहे. न पाहता लिहिलंस तर तू खोटं बोललीस.

दुसरं. भिंतीत खिळा ठोकायला घेतलास. हातोड्याचे तीन घाव घातलेस आणि तिन्ही अगदी एकाच जागी बसले, पण अंगठ्यावर. हा काटेकोरपणा. खिळ्यावर बसले असते तर अचूकता. तीन आकडे एकसारखे आले की माणूस खूश होतो आणि अंगठ्याकडे बघत नाही. हे परीक्षेत विचारतातच.

अणूचं थोडक्यात सांगते. मध्ये गाभा, सगळं वजन तिथे. बाहेर इलेक्ट्रॉन, त्यांना वजन जवळजवळ नाहीच. पण कुणाशी जमवायचं आणि कुणाशी नाही, हे सगळ्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवतात. आवर्तसारणीत आर्सेनिक हा फॉस्फरसच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन. फॉस्फरस शरीराला रोज लागतो. त्यामुळे आर्सेनिक दाराशी आला की शरीर फसतं आणि घरचाच समजून त्याला आत घेतं.

पण हे सगळं राहू दे, आधी स्फटिकजल कर. अभ्यासक्रमात ते नंतर आहे हे मला माहीत आहे, तरी आधी कर. काही क्षारांच्या स्फटिकात पाणी ठरलेल्या मापात अडकलेलं असतं. दिसत नाही, हाताला ओलं लागत नाही, पण तराजूवर वजन भरतं. मोरचूद घे, वजन कर, ओव्हन अडीचशे अंशांपर्यंत चढव, थंड करून पुन्हा वजन कर. दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच. गरम भांडं तराजूवर ठेवशील तर तिथे येऊन कान पिळीन. मोरचूद झाला की ज्या ज्या बरणीवर पाणी लिहिलं आहे ती प्रत्येक करून बघ. त्यांना एकशे तीस अंश पुरे. प्रत्येक, चिंगे. हातमोजे घाल, तोंडाला फडकं बांध आणि पंखा चालू ठेव.

तीन नंबरचं वाचलं. सहीची घाई करू नकोस.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

मोरचुदाने मला वेड लावलं. निळेशार खडे आत ठेवले, पांढरी भुकटी बाहेर आली. २.५०० चे १.५९८ झाले, म्हणजे छत्तीस टक्के पाणी, पुस्तकात तेवढंच. मग त्या भुकटीवर एक थेंब पाणी टाकलं तर परत निळी. शिपाईमामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, बाईसुद्धा असंच बोलावून दाखवायच्या.

बेरियमची बरणीही बरोबर आली. अडलं ते एका ठिकाणी. काचेच्या बुचाची ती तपकिरी बरणी, तुझ्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी: "सोडियम आर्सेनेट, सात पाणी". सात पाणी म्हणजे वजनातले चाळीस टक्के उडायला हवेत. २.५०० चे दीड ग्रॅम उरायला हवेत. माझे उरले २.४९७. पुन्हा केलं, २.४९८. पुन्हा, २.४९७. तुझ्या भाषेत तिन्ही घाव एकाच जागी. आता अंगठा कुठे आहे ते तू सांग. ओव्हन बिघडलाय म्हणावं तर त्याच तापमानाला बेरियम नीट आलं होतं. चूक माझीच असणार.

बाकी आनंद आहे. तीन नंबरच्या पाण्याची पहिली आर्सेनिकची चाचणी केली. बाटलीत पाणी, जस्त आणि आम्ल घातलं, वायू वर चढला आणि तोंडावरच्या कागदावर पिवळसर तपकिरी डाग उमटला. मग वहीप्रमाणे आर्सेनेटच्या त्याच बरणीतून प्रमाण द्रावण, म्हणजे ठरलेल्या मापाचं आर्सेनिक असलेलं पाणी, केलं, त्याचे डाग शेजारी मांडले आणि आमचा डाग कुठल्याशी जुळतो ते पाहिलं. सदतीसशी जुळला. लिटरला पन्नास मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे पाणी पास. रजिस्टरमध्ये तुझ्या जुन्या नोंदी काढल्या: ३६, ३६, ३७. मुख्य अभियंत्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाले, "बाईंचाच हात आहे." मी दिवसभर हवेत होते.

चिंगी


२० फेब्रुवारी

चिंगे,

आर्सेनेटच्या बरणीचं बूच सैल आहे. कोरड्या हवेत ते स्फटिक आपलं पाणी आपणच सोडून देतात. माल जुना आहे. तुझं काही चुकलेलं नाही. आता त्या बरणीला पुन्हा हात लावू नकोस, विषारी आहे ते.

परीक्षेला इलेक्ट्रॉनांची मांडणी नक्की विचारतील. पहिल्या वीस मूलद्रव्यांची तोंडपाठ कर आणि मला लिहून पाठव.

तुझ्या बाबांचे तळहात कसे आहेत?

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

मांडणी पाठ केली नाही. का, ते सांगते.

पहिल्याच दिवशी त्या बरणीचं बूच माझ्याने निघेना. शिपाईमामांनी गरम फडकं धरून ते मोकळं केलं. तुझं पत्र आल्यावर मी रिकामी करून ती बरणी बुचाला धरून उचलली. बूच सुटलं नाही. ते सैल नाही आणि कधी नव्हतंही. तू बावीस वर्षं तेच बूच काढलंस.

तरीही म्हटलं, पाणी उडालेलं असो की मुळात नसो, माझ्या चमच्यात ते नव्हतं हे तर खरं. मग हिशेब मांडला. सोडियम दोन, तेविसाप्रमाणे शेहेचाळीस. हायड्रोजन एक. आर्सेनिक पंच्याहत्तर. ऑक्सिजन चार, चौसष्ट. एकूण एकशे शहाऐंशी. त्यावर सात पाणी, एकशे सव्वीस. तीनशे बारा. वही तीनशे बारा धरते. बरणीत आहे एकशे शहाऐंशीचा माल. म्हणजे आपण द्रावणात जेवढं आर्सेनिक आहे असं समजतो, त्याच्या दीडपटीहून जास्त त्यात असतं. त्याच्या डागाशी विहिरीचा डाग ताडून बघितला की विहिरीतलं आर्सेनिक कमी दिसणार. माझे सदतीस म्हणजे खरे बासष्ट.

बरणी उलटी केली तर बुडाला तुझ्याच अक्षरात "भरली" आणि तारीख. अकरा वर्षांपूर्वीचा जून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबांची चौकशी झाली.

मी बारा वर्षांची होते, मला तुकडे तुकडेच माहीत होते. काल जुनी फाइल काढून वाचली. पंपघराचे मुकादम, म्हणजे माझे बाबा, म्हणाले की तीन नंबरचं पाणी पिणाऱ्या दोन माणसांच्या तळहातांना, आर्सेनिकने होतं तसं, खडे आल्यासारखं झालं आहे. त्यांनी स्वतः बाटली भरून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिकडून आलं साठ. तुझे आले छत्तीस. समितीने तुला विचारलं, कोण खरं? तू लिहून दिलंस, "माझी तिन्ही वाचनं एकमेकांशी जुळतात." त्यावरून त्यांनी ठरवलं की साहेबांशी वाकडं होतं म्हणून मुकादमाने बाटलीत काहीतरी मिसळलं. आणि बाबांना घरी पाठवलं.

छत्तीस गुणिले तीनशे बारा, भागिले एकशे शहाऐंशी. साठ येतात, वर थोडे. मी तीनदा करून पाहिलं.

मावशी, तुला हे माहीत होतं का? एवढंच सांग.

चिंगी


५ मार्च

मावशी,

तुझं उत्तर नाही. आठ दिवस मी टपालवाल्याची सायकल वाजली की उठून दारात जाते.

मी सोमवारी मुख्य अभियंत्यांकडे गेले. ओव्हन, वजनं, तीनशे बारा, सगळं सांगितलं. परगावी नमुना पाठवू द्या म्हटलं. ते म्हणाले, तिकडून उत्तर यायला तीन आठवडे, आणि पंधरा तारीख ठरलेली आहे. मग म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वीची नोंद आहे, तुझ्या सख्ख्या मावशीच्या हातची. तू येऊन दोन महिने झाले नाहीत. बापाच्या वळणावर जाऊ नकोस." सही केली नाहीस तर दुसऱ्या कुणाची घेऊ, असंही म्हणाले. घेतील. वहीपुढे माझं कोण ऐकतं? वही चुकली असं वही लिहिणारीनेच लिहून दिलं तर मात्र त्यांना ऐकावं लागेल.

दहा दिवस उरलेत. नव्या वस्तीत नळ बसवून झाले. येता जाता बघते, बायका कोरडे नळ उघडून बघतात, कधी येईल म्हणून.

तू बाबांच्या तळहातांचं विचारलं होतंस. मला वाटलं, सहज चौकशी. काल दुकानात जाऊन मुद्दाम पाहिले. मी लहानपणापासून समजत होते की मशीनच्या कामाने ते असे झाले. तेलात बुडवलेल्या हातांना असे खडे कसे येतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पंपघरात सात वर्षं ते तेच पाणी प्यायले ना?

तुला हे विचारावंसं वाटलं, म्हणजे तुला माहीत होतं. मला राग आला आहे, मावशी. इतका की लिहिताना अक्षर बिघडतंय. पण राग मागाहून. आधी कागद पाठव.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

लिफाफ्यात तीन कागद आहेत. पहिला तुझ्या मुख्य अभियंत्यांना, सहीनिशी. त्यात बरणी, तारीख, हिशेब आणि माझी चूक, सगळं आहे. तो हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस, आणि पोच घे.

दुसरा हा, तुला. आता तुझा प्रश्न. चौकशी झाली तेव्हा मला माहीत नव्हतं. दर वेळी यायचा तो सात पाण्याचा माल यायचा. त्या जूनमध्ये पाकीट वेगळं आलं. कागदी पाकिटं मला कपाटात आवडायची नाहीत, म्हणून मी नेहमी माल त्या तपकिरी बरणीत ओतायची आणि पाकीट फेकायची. चिठ्ठी सुंदर होती, बदलली नाही. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं. साठ आले असं भाऊजी म्हणाले तेव्हा मी पुन्हा तीनदा मोजलं. तीनही सारखे आले. मला केवढा अभिमान वाटला, तुला सांगू नये इतका. अंगठ्याकडे मी पाहिलं नाही.

दोन वर्षांनी नदीची पाइप आली आणि विहीर बंद झाली. त्यानंतर सहा महिन्यांनी कपाट हलवलं तर मागे ते पाकीट सापडलं. फेकलेलं नव्हतं, घसरून पडलं होतं. त्यावर छापलं होतं "निर्जल". पाणी नसलेलं. मी तिथेच जमिनीवर बसले. हिशेब कागदाशिवाय जमला.

तेव्हा बोलायला हवं होतं. स्वतःला म्हटलं, विहीर तर बंद झाली, बाकीच्या विहिरींत आर्सेनिक नावालाच आहे, आता बोलून कुणाचं भलं होणार? भाऊजींचं झालं असतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण इतक्या वर्षांत माझ्या वहीत कुणी खाडाखोड पाहिली नव्हती, आणि मला ती दाखवायची नव्हती. झालं एवढंच. याहून मोठं कारण मी नऊ वर्षं शोधते आहे, सापडत नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात विहिरीचं वाचलं आणि माझी झोप गेली. सरळ सांगायची छाती झाली नाही, म्हणून धडा पाठवला. वाटलं, तू आपणहून शोधशील आणि मला बोलावं लागणार नाही. आणि तू शोधलंस, तेव्हा मीच बूच सैल आहे म्हणून लिहिलं. ते लिहिताना त्या घट्ट बुचाची आठवण हातात होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

आठ दिवस गप्प का होते विचारशील. कागद सात वेळा लिहिला. सहा वेळा त्यात "अनवधानाने" हा शब्द आला. सातव्यांदा आला नाही, तोच पाठवते आहे.

तिसरा कागद भाऊजींचा. लिफाफा उघडाच ठेवला आहे. तू वाचून दाखव, नाहीतर ते हातात घेणार नाहीत.

मावशी


१३ मार्च

मावशी,

तुझा कागद बुधवारी सकाळी आला आणि मी धावत गेले. मुख्य अभियंत्यांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. हिशेब स्वतः मांडून पाहिला. मग फोन उचलून पंधरा तारीख रद्द केली. नमुना परगावी गेला. वस्तीला टँकर लावणार आहेत. मला म्हणाले, "बरणी सील कर." शाबास वगैरे काही नाही, आणि मला ते नकोही होतं. पोच सोबत आहे.

त्या दुपारी दुकानात गेले. बाबा एका मशीनचं चाक काढून बसले होते. म्हटलं, मावशीचं पत्र आहे. ते उठायला लागले. मी दारात आडवी उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींत त्यांनी चाक खाली ठेवलं. "भाऊजी, तुम्ही खरं बोलत होता आणि हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे" इथे आले तेव्हा त्यांनी तेलकट हात पुढे केला. उरलेलं त्यांनी माझ्या हातून घेऊन स्वतः वाचलं. दोनदा.

मग वरच्या फळीवरून, तेलाच्या डब्यांच्या मागून, त्यांनी एक बाटली काढली. लाखेने बंद केलेली. तीन नंबरचं पाणी, त्याच सप्टेंबरचं. दोन बाटल्या भरल्या होत्या म्हणाले, एक पाठवली, एक ठेवली. मी म्हटलं, बाबा, इतक्या वर्षांनी यावरून काही सिद्ध होत नाही. ते म्हणाले, "मला कुठे काय सिद्ध करायचंय? मी खोटा नाही हे मला रोज दिसायला हवं होतं." आणि बाटली माझ्या हातात दिली. आता नको म्हणाले.

मावशी, मला वाटलं होतं ते रडतील किंवा तुला माफ केलं म्हणतील. तसं काही झालं नाही. चाक परत बसवलं, तेल सोडलं, मशीन चालवून पाहिलं. मी निघाले तेव्हा म्हणाले, "तिला फोनवर ऐकू येत नाही ना? मग इथे बोलाव. मला जे बोलायचंय ते मी लिहिणार नाही. तोंडावर बोलणार, आणि मोठ्याने बोलणार."

आईने हे माझ्याकडून ऐकलं. तिने काल मागच्या खोलीतली खाट झाडली.

येशील का?

चिंगी


१७ मार्च

चिंगे,

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, दुकानाचा रस्ता विचारत येईन. आधी दुकान, मग घर.

यंत्र कपाटातून काढलं. बॅटरी नवीन घातली आहे. भांडं पडलं तरी डोक्यात घण बसतो त्याने, पण सवय व्हावी म्हणून परवापासून कानात घालूनच बसले आहे.

भाऊजींना सांग, मोठ्याने बोलायची गरज नाही. हळू बोलले तरी मला सगळं ऐकू येईल.

मावशी